अहमदपूर कोणाच्या हद्दीत

अहमदपूर,
९ जुलै २०२२

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. आई बिलोलीहून नांदेडला आली आणि करमेना म्हणून लगेच परत गेली, हे वाचून हसले. खिशात मोबाइल असताना आपण दोघं अजून पत्रं लिहितो याचं इथल्या सिस्टरांना नवल वाटतं. मी त्यांना सांगते, मी अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकत होते तेव्हा दादा फोन करायचा नाही, कारण फोनवर त्याला रडू यायचं.

आता कामाचं. माझा दवाखाना लहान मुलांचा. पावसाळा लागला की न्यूमोनिया आणि दमा, म्हणजे ऑक्सिजन आलाच. सिलिंडर लातूरच्या हनुमंतरावांकडून येतात, तुझ्याच ओळखीनं सुरू झालं ते. गॅसच्या दराला सरकारची मर्यादा आहे, पण वाहतूक, सिलिंडरचं भाडं, रिकामं परत नेण्याचा खर्च असं करत करत त्यांचं बिल वर्षभरात दीडपट झालं. बोलले तर म्हणाले, "मॅडम, परवडत नसंल तर दुसरीकडून घ्या."

दुसरीकडून म्हणजे कुठून? लातुरात दुसरं कोणी देत नाही. नांदेडच्या गुरुपादप्पांना फोन केला. ते म्हणाले, अहमदपूर आमच्याकडं येत नाही. मी म्हटलं, काका, लोहा ओलांडलं की आलंच की अहमदपूर. तर हसले आणि म्हणाले, "तुमच्या भावालाच विचारा की."

बरोबरच आहे त्यांचं. भाऊ त्याच धंद्यात असताना मी गावभर फोन करत बसले. मग सांग, तू का देत नाहीस? लातूर आणि नांदेड मला सारखंच लांब. बहिणीकडून पैसे कसे घ्यायचे, असं वाटत असेल तर तो विचार सोड. रीतसर बिल दे, मी रीतसर भरते.

मनिषा वहिनींना आणि लेकरांना आठवण.

तुझी,
महामाया


नांदेड,
२० जुलै २०२२

चि. महामायास,
जय भीम.

रडू यायचं हे खरं हाय, पण सिस्टरांना सांगायची काय गरज होती?

सिलिंडरचं म्हणशील तर सध्या जमणार न्हाई. एका गाडीचं इंजिनकाम निघालं, दुसरी देगलूरच्या बाजूला फिरून राहिली. अन् जिल्हा बदलला की परवान्याची कागदं वाढतात. हनुमंतशी मी बोलतो, तो थोडं कमी करंल. तू त्याच्याशी वाकडं बोलू नको.

तू तेव्हा बारावीला होतीस, तुला सगळं माहीत न्हाई. मी एजन्सीसाठी फिरायचो तेव्हा नांदेडच्या बाजारात मला उधारीवर रिकामं सिलिंडरसुद्धा कोणी देईना. आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग गावात कोणत्या बाजूला राहता ते. हनुमंतनं कायबी विचारलं न्हाई. लातूरहून पहिली गाडी भरून पाठवली अन् म्हणला, विकल्यावर दे. त्या गाडीवर आपलं घर उभं राहिलं. तुझी फीसुद्धा त्यातूनच गेली.

सांभाळून घे थोडं.

तुझा दादा,
आनंदराज


अहमदपूर,
३ ऑक्टोबर २०२२

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

परवान्याचं मी औषध प्रशासनात विचारलं. नांदेडहून इथं द्यायला काही अडचण नाही म्हणाले. तुला कोणीतरी चुकीचं सांगितलंय.

हनुमंतरावांनी कमी तर केलं नाहीच, गणपतीनंतर पुन्हा वाढवलं. माझी मैत्रीण दीपाली लातूरच्या कोर्टात वकील आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, एकाच मालाचे विक्रेते आपसात गावं वाटून घेत असतील, तू इकडं यायचं नाही आणि मी तिकडं येणार नाही असं ठरवत असतील, तर कायद्यानं त्याला बंदी आहे. दिल्लीला भारतीय स्पर्धा आयोग आहे, तो हेच बघतो. मला वाटायचं, असली कार्यालयं सिमेंटच्या आणि मोबाइलच्या बड्या कंपन्यांसाठी असतात. दीपाली म्हणाली, कायद्यात कंपनीची उंची मोजलेली नाही. गिऱ्हाइकाला दुसरं दार उरलंय की नाही, एवढंच तिथं बघतात.

इथल्या चार डॉक्टरांनी चहाच्या टेबलावर जोरात माना हलवल्या. सहीच्या दिवशी एकाला मीटिंग निघाली, एकाचे पाहुणे आले. मग मी एकटीनंच सही केली. अर्ज गेला. त्यात हनुमंतरावांचं नाव आहे आणि 'नांदेडचे विक्रेतेही नकार देतात' असं लिहिलंय. तू काळजी करू नको, तुझ्यावर यातलं काही येणार नाही. तू तर आपल्या परीनं मदतच करतोयस.

तुझी,
महामाया


नांदेड,
११ ऑक्टोबर २०२२

महामाया,

पत्र वाचलं अन् दुकान उघडं टाकून घरी आलो. अर्ज मागं घे.

या विषयाचं फोनवर बोलू नको, व्हॉट्सॲपवर तर एक अक्षर लिहू नको. जे लिहायचं ते असं कागदावर लिही अन् माझ्याच हातात पडंल असं पाठव.

तुला वाटून राहिलं की हनुमंत लुटारू हाय. धंद्यात काही जबान असती. एकमेकाच्या पोटावर पाय द्यायचा न्हाई हा बाजाराचा दस्तूर हाय. दोन माणसं न भांडता कमावून खातात, यात दिल्लीवाल्यांचं काय गेलं? तू डॉक्टर हायस, तुझं काम तू कर.

आईला यातलं सांगू नको. अर्ज मागं घेतलास की दोन ओळी टाक.

दादा


अहमदपूर,
२३ जानेवारी २०२३

दादा,

अर्ज मी मागे घेतला नाही, हे तुला कळलंच असेल. आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य दिसलंय. त्यांनी चौकशीचा आदेश दिला. संक्रांतीच्या आधी हनुमंतरावांच्या हातात कागद पडला आणि संक्रांतीनंतर त्यांची गाडी माझ्याकडे आली नाही. विचारलं तर म्हणे नादुरुस्त आहे. समोरच्या दवाखान्यात मात्र तीच गाडी सिलिंडर उतरवत होती.

गुरुवारी दुपारी उदगीरकडची एक बाई बाळ घेऊन आली. कमलम्मा तिचं नाव. इथं ऊसतोडीला आलेली, अर्धं कानडी बोलते. बाळ निळं पडलेलं. माझ्याकडं हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आहे, पण त्या बाळाला तेवढ्यानं भागणार नव्हतं. शेवटचं सिलिंडर लावलं. समोरच्या दवाखान्यानं एकही सुटं नाही म्हणून सांगितलं. पंचफुलाबाई, आमच्या थोरल्या सिस्टर, सिलिंडरच्या दाबाच्या काट्याकडं बघत होत्या आणि मी तुला फोन लावत होते. तू उचलला नाहीस. मी लावत राहिले. मग वहिनींना लावला. त्या म्हणाल्या, ते गोडाउनवर हायत, फोन चार्जिंगला असंल.

शेवटी तेच सिलिंडर ॲम्ब्युलन्समध्ये घातलं आणि बाळाला घेऊन मी नांदेडला निघाले. कमलम्मा बाळाचे पाय धरून बसली होती आणि मला एकच विचारत होती, गॅस कुठं मिळत नाही का बाई? नांदेडात शिरताना तुझं गोडाउन लागलं. शटर अर्धं वर होतं. आत भरलेली सिलिंडरं ओळीनं उभी होती. तू टेबलाशी बसला होतास.

बाळ वाचलं. अजून नांदेडलाच भरती आहे.

ती सिलिंडरं दिसली तेव्हा मला गुरुपादप्पांचं हसणं समजलं. तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू पण त्यात आहेस का?

महामाया


नांदेड,
२५ जानेवारी २०२३

माये,

हाव. हाय मी त्यात.

फोन चार्जिंगला नव्हता. हातात होता. तुझं नाव दिसत होतं.

तू विचारलंस म्हणून सगळं लिहितो. पाच वर्षांमागं हनुमंत, मी अन् गुरुपादप्पा लातूरला बसलो. त्याच्या आधी आम्ही एकमेकाची गिऱ्हाइकं तोडायचो, दर पाडायचो, तिघंबी बेजार झालतो. हनुमंत म्हणला, आपण भाऊ-भाऊ, भांडायचं कशाला? लातूर जिल्हा तुमी सोडा, नांदेड जिल्हा मी सोडतो. दर एकमेकाला विचारून लावू. मला ते लई चांगलं वाटलं. ज्यानं मला उभं केलं त्याच्या ताटात हात घालायचा न्हाई, एवढंच मला त्यात दिसलं. तेव्हा अहमदपुरात तू नव्हतीस. पण दुसऱ्या कोणाची तरी लेकरं होतीच, ते माझ्या ध्यानात आलं न्हाई.

गुरुवारी फोन वाजला तेव्हा मला वाटलं, आज गाडी पाठवली तर हनुमंतला दिलेली जबान गेली, अन् चौकशी चालू असताना तो काय करंल सांगता येत न्हाई. बाळाचं काय असंल हे मला कळत होतं. कळूनबी बसून राहिलो. ॲम्ब्युलन्स गेली ती मी बघितली. आत तू हायस हे ठाऊक नव्हतं.

हे पत्र घेऊन आलेल्या गाडीत सिलिंडर हायत. उतरवून घे.

आनंदराज


अहमदपूर,
६ फेब्रुवारी २०२३

दादा,

सिलिंडर उतरवून घेतली. बिल पाठव.

तुझं पत्र मी वाचलं आणि ठेवून दिलं. माफ केलं असं लिहायला हात उचलत नाही, म्हणून ते लिहीत नाही. जे लिहायलाच पाहिजे ते लिहिते.

दिल्लीचे चौकशी अधिकारी मला बोलावणार आहेत. शपथेवर विचारतील. नांदेडचे कोण कोण, असं विचारलं तर मी तुझं नाव घेणार. हे तुला मागून कळू नये म्हणून आधी सांगते.

दुसरं. दीपालीला मी नाव न घेता विचारलं. ती म्हणाली, अशा संगनमतातला जो कोणी आयोगाकडे सर्वात आधी जाऊन सगळं खरं सांगेल, त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो. दुसऱ्याला फार तर अर्धी सूट. त्यानंतरच्यांना आणखी कमी. आयोगानं हे मुद्दाम असं ठेवलंय. बंद खोलीत झालेलं बोलणं बाहेर येतं ते आतल्याच माणसाकडून, म्हणून जो आधी दार उघडेल त्याला सूट. पण पहिली जागा एकच असते.

तू जा. वकील बघ आणि लगेच जा. तुला लेकरं आहेत.

महामाया


नांदेड,
२६ मार्च २०२३

माये,

महिनाभर मी झोपलो न्हाई असं मनिषा म्हणती. वकील पाहिला. तोबी तेच म्हणला, उद्याच्या उद्या अर्ज टाका. मी कागद तयार करून घेतले, सही केली न्हाई. शनिवारी लातूरला गेलो.

हनुमंत गंजगोलाईजवळच्या ऑफिसात एकटाच होता. स्वतः चहा आणला. मी म्हणलो, "हनुमंत, मी दिल्लीला सगळं सांगणार हाय. पण तुझ्या पाठीमागं न्हाई. म्हणून आलो."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणला, "तुझ्या बहिणीनं केलं हे."

"बहिणीनं अर्ज केला. गावं आपण वाटली."

"आनंदा, तुला कोणी उभं करत नव्हतं तेव्हा..."

"ते विसरलो असतो तर इथं आलो नसतो."

मी म्हणलो, दोघं मिळून जाऊ. तो म्हणला, मिळून कसं जायचं, पहिला एकच असतो, मलाबी वकील हाय. 'तू पहिला हो' हे माझ्या तोंडाशी आलं होतं. पण लेकरं डोळ्यासमोर आली अन् शब्द गिळला.

मग त्यानं माझा हात धरला. त्याच्या पोरीचं लग्न अक्षय्य तृतीयेला हाय. म्हणला, तवर थांब. मांडवात चौकशीवाले नकोत. लग्न झालं की तू जा, मी अडवणार न्हाई. मी जबान दिली.

तू रागावशील. पण मला हे एवढं तरी करू दे.

दादा


अहमदपूर,
३० मार्च २०२३

दादा,

थांबू नको. तू त्याला सांगितलंस, म्हणजे त्याच्या वकिलालाही सांगितलंस. तुमच्या शब्दाची तिथं नोंद होत नाही, अर्ज कधी पोचला त्याची होते. हे पत्र मी दवाखान्यातल्या माणसाच्या हाती पाठवतेय. वाचून सही कर.

महामाया


नांदेड,
१९ जुलै २०२३

माये,

तुझं पत्र वाचलं होतं. सही केली न्हाई. लग्नाला गेलो, पंगतीत वाढलं. हनुमंतनं सगळ्यांसमोर मला मिठी मारली अन् म्हणला, हा माझा भाऊ. नांदेडला येऊन अर्ज टाकला. अर्ज करणाऱ्याला तिथं त्याचा क्रमांक कळवतात. माझा दुसरा आला.

पहिला कोण ते सांगत न्हाईत, गुप्त असतं. पण मला कळलंच. गुरुपादप्पा. त्याला कुठून तरी सुगावा लागला असणार. तो पहिल्यापासूनच कच्चा. तू मनात हनुमंतचं नाव आणू नको. मांडवात त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

दिल्लीला जबाब झाला. चौकशी अधिकारी बाई होत्या, माझ्यापेक्षा वयानं लहान. आवाज चढवला न्हाई. कधी भेटलो, कोण काय म्हणलं, सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. मी त्यांना हेबी म्हणलो, मॅडम, आमचं भांडण मिटावं म्हणून केलं, कोणाचं वाईट करायला न्हाई. त्या लिहायच्या थांबल्या. म्हणल्या, "तुम्ही तिघांनी दोन जिल्हे वाटून घेतले. त्या जिल्ह्यांतल्या दवाखान्यांना विचारलं होतं का?" मी म्हणलो, न्हाई. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

परत येताना रेल्वेत दुसरं काही सुचलं न्हाई.

तुझ्याकडं गाडी वेळेवर येती का? ड्रायव्हर कुचराई करत असंल तर सांग.

दादा


अहमदपूर,
२२ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

आदेश आला. दीपालीनं माझ्यापुढं बसून सगळा वाचून दाखवला. तिघांनी बाजार वाटून घेतला, दर संगनमतानं लावले, हे आयोगानं सिद्ध धरलंय. असलं सगळं इथून पुढं बंद करा, असा हुकूम आहे. गुरुपादप्पांना पूर्ण दंड. तुला अर्धा. आणि पहिला अर्जदार, ज्याचा सगळा दंड माफ झाला, त्याचं नाव आदेशात आहे.

दादा, ते गुरुपादप्पा नव्हते. हनुमंतराव होते. तू लातूरला गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांचा अर्ज दिल्लीला पोचला होता. म्हणजे लग्नाच्या कितीतरी आधी. तुला मिठी मारली तेव्हा त्यांचं काम झालेलं होतं.

माझा संताप झाला. मी दीपालीला म्हटलं, माझा पुरवठा ज्यानं तोडला, तोच सुटला, हा कसला न्याय? ती म्हणाली, त्यांनी दिलेल्या माहितीवरच बाकीचं उघडं पडलं. आयोग कोण मनानं चांगला हे तोलत बसला तर उद्या कुणी बोलायलाच येणार नाही. मला ते पटलं आणि पटलंही नाही.

तुला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. दंडाला माझे काही पैसे घे. नाही म्हणू नको.

तुझी,
महामाया


नांदेड,
३० ऑगस्ट २०२५

माये,

तुझं पत्र आलं तेव्हा गुरुपादप्पा माझ्याच दुकानात बसला होता. दोन वर्षं मी त्याला रस्त्यात ओळख दिली न्हाई. त्या दिवशी तो स्वतः आला, आदेश घेऊन. कागद माझ्यापुढं सरकवला. मी त्याचे पाय धरायला वाकलो, त्यानं धरू दिले न्हाईत.

पैसे नकोत. बिलोली रोडचा प्लॉट विकायला काढला. मनिषानंच सुचवलं.

हनुमंतचा मला राग यायला पाहिजे. येतोबी. पण रात्री पडलो की पहिली गाडी आठवती, तीबी खरीच होती. दोन्ही एकाच माणसाचं हाय, हे डोक्यात बसायला वेळ लागंल.

दादा


अहमदपूर,
२८ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

हे पत्र लिहायला आठवडाभर टाळाटाळ केली.

आदेशानंतर इथलं चित्र बदललंय. अहमदपूरला आता तुझी गाडी येते, हनुमंतरावांची येते, परभणीचा एक नवा माणूसही येऊन विचारून गेला. चहाच्या टेबलावर माना हलवणारे डॉक्टर आता माझ्याकडे येऊन दर सांगतात, आणि ते ऐकायला बरं वाटतं. आम्ही पाच दवाखान्यांनी मिळून ठरवलं, दर तिमाहीला बंद पाकिटात दर मागवायचे आणि सगळ्यांसमोर उघडायचे.

परवा पाकिटं उघडली. तुझं दुसरं आलं. सर्वात कमी दर हनुमंतरावांचा होता.

पंचफुलाबाई माझ्याकडे बघत होत्या, बाकीचे डॉक्टरही बघत होते. एकानं तर म्हटलंच, मॅडम, थोडाच फरक आहे, भावाला द्या. दादा, मी हनुमंतरावांना दिलं. पुढचे तीन महिने ऑक्सिजन त्यांचा येईल. अट एकच घातली. पुरवठा कुठल्याही कारणानं तुटला तर त्याच दिवशी करार संपला.

सही करायला ते स्वतः आले. म्हातारे दिसायला लागलेत. खुर्ची दिली तर बसले नाहीत. म्हणाले, "तुमचा भाऊ येऊन बसला माझ्यापुढं, अन् मला भ्या वाटलं. त्याला न्हाई वाटलं." मी करारावर सही घेतली.

तुझा दर कमी असता तर तुला दिलं असतं. बहीण म्हणून दिलं असतं, तर मग मी तीन वर्षं कशासाठी भांडले? तू समजून घेशील असं स्वतःला सांगत सही केली.

तुझी,
महामाया


नांदेड,
५ डिसेंबर २०२५

चि. महामायास,
जय भीम.

पत्र वाचलं. खोटं कशाला लिहू, त्या दिवशी जेवलो न्हाई. मनिषाला म्हणलो, बघ, माझ्या बहिणीनं त्याला दिलं. ती म्हणली, मग त्याच्यापेक्षा महाग का लावलं होतं?

दुसऱ्या दिवशी हिशेब घेऊन बसलो. माझी गाडी अहमदपूरहून रिकामी परत येती, तिथं माझं मरतं. लोहा अन् माळाकोळीचे दवाखाने त्याच फेरीत धरले तर तुझ्याकडचा खर्च उतरतो. लोह्याच्या दोघांशी बोलून आलो, एक तयार हाय. हनुमंत लातूरहून येतो, त्याला मधली गिऱ्हाइकं जुळवायला वेळ लागंल.

मार्चला माझं पाकीट येईल. उघडताना चार माणसं समोर ठेव अन् दर तेवढा वाच.

आईचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय. रविवारी तिला घेऊन तुझ्याकडं येतो. मुक्काम करीन.

तुझा दादा,
आनंदराज